चिरा आणि गिलावा

सावंतवाडीचे आमचे घर चिऱ्याचे. वडिलांनी ते बांधले तेव्हा पैसे संपले आणि मागची भिंत गिलाव्याविना राहिली. काही पावसाळ्यांतच तिच्या कडा झिजून लाल माती पडू लागली. गवंडी म्हणाला, "मास्तरांनू, चिरो उघडो ठेवू नये. तो पाणी पिता."

जुन्या गोव्यातली चर्चेस पाहताना मला हे वाक्य आठवते. पोर्तुगीजांनी गोवा जिंकला तो २५ नोव्हेंबर १५१० रोजी, सेंट कॅथरिनच्या दिवशी. म्हणून तिथले से कॅथेड्रल तिच्या नावाचे. १५६२ मध्ये सुरू झालेली ही इमारत १६१९ मध्ये उभी राहिली. तिच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधला गेला नाही. सेंट कॅजेटनच्या चर्चची धाटणी रोमच्या सेंट पीटर्सची. नमुने असे युरोपातले, पण भिंती आपल्याच जांभ्याच्या आणि वर चुन्याचा गिलावा.

या शहराच्या नाकेबंदीच्या काळातच, १६३७ मध्ये, डचांनी आमच्या वेंगुर्ल्यात वखार घातली. पुढे साथींनी शहर ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये राजधानी पणजीला गेली. माणूस गेला की चिऱ्याचे काय होते, ते सेंट ऑगस्टीनच्या चर्चमध्ये दिसते. १८३५ मध्ये धर्मसंघांवर बंदी आली, चर्च रिकामे झाले. १८४२ मध्ये छताची कमान कोसळली आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भाग पडला. सुमारे ४६ मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याचा अर्धाच भाग आज उभा आहे.

आता बॉम जिझस. १५९४ मध्ये सुरू झालेले हे चर्च १६०५ मध्ये पूर्ण झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव इथेच आहे. दर्शनी बाजूच्या नक्षीसाठी काळा दगड थेट वसईहून आणला होता. आज हे चर्च लालसर, उघड्या जांभ्याचे दिसते. "हेच याचे मूळ रूप," असे मी कित्येक वर्षे वर्गात मुलांना सांगत आलो. पुढे एक जुने छायाचित्र पाहण्यात आले. त्यात चर्च पांढरेशुभ्र होते! १९५० च्या दशकात, इमारत प्राचीन दिसावी म्हणून पोर्तुगीज राजवटीतच तिचा गिलावा काढला गेला.

तेव्हापासून दर पावसाळा त्या भिंतींवर थेट कोसळतो आहे. पुन्हा गिलावा करावा की नाही, यावर गोव्यात वाद झाले आहेत. लाल रूपाची सवय झालेल्यांना पांढरे चर्च परके वाटेल, हे मला समजते. मलाही ते लाल रूपच आवडत होते. पण जुनेपणा दिसावा म्हणून जुनी वस्तू झिजू द्यायची का?

आमच्या मागच्या भिंतीला आम्ही नंतर गिलावा केला. ती अजून शाबूत आहे.