फायनल पास ते बँक सखी

बारावीचा निकाल लागला की आमच्या गटाच्या बैठकीत हप्त्याआधी एकच विषय निघतो. पोरीला पुढं कॉलेजला घालायचं का नाही? ज्या घरात 'नाही' ठरतं, तिथं पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही. स्थळ बघायचं, हे सगळ्यांनी आधीच धरलेलं असतं. मग पोरगी काय करणार, तिच्या हातात चार पैसे कुठनं येणार, हे तिलाही कुणी विचारत नाही.

मी स्वतः बी.ए. केलंय, त्यामुळं कॉलेज नको असं मी कधी सांगणार नाही. जमत असेल तर शिकवाच. पण एस.टी.ची वेळ जुळत नाही, घरात पैसा नाही, धाकटी भावंडं आहेत, अशी कारणं खरी असतात. अशा पोरींसाठी आज जरा मागं जाऊन बघू या. आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत कॉलेजची पायरी न चढता बायकांनी कोणकोणती कामं धरली?

सुरुवात खंडाळा तालुक्यातल्या नायगावपासूनच करावी लागेल. 3 जानेवारी 1831 ला तिथं सावित्रीबाई जन्मल्या. लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतिबांनी घरी शिकवलं, पुढं शिक्षिकेचं प्रशिक्षण झालं, आणि 1848 मध्ये त्या पुण्यात मुलींना शिकवायला लागल्या. हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्यांच्यानंतर शंभर वर्षं खेड्यापाड्यात ज्या मास्तरीणबाई झाल्या, त्यांची आठवण कुणी काढत नाही. मुंबई इलाख्यात सातवीला एक मोठी परीक्षा असायची, व्हर्नाक्युलर फायनल. लोक नुसतं 'फायनल' म्हणत. फायनल पास झालेला माणूस मास्तर होई, तलाठी होई. मुलीसुद्धा फायनल पास होऊन शिक्षिका झाल्या. त्यांच्यात विधवा होत्या, नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. नोकरी लागल्यावर मग ट्रेनिंग कॉलेजला पाठवत. नावात कॉलेज असलं तरी तिथं शिकवायला शिकवत, आणि पोटाची सोय तोवर झालेली असे. पुण्यात स्त्रियांसाठी असं ट्रेनिंग कॉलेज 1870 मध्येच निघालं होतं.

तुमच्या गावात ऐंशी-नव्वदीच्या एखाद्या बाई पेन्शन घेत असतील, तर त्यांना विचारून बघा. सातवी शिकून घर चालवलेल्या बाईचं बोलणं वेगळंच असतं.

हे दार पुढं अरुंद होत गेलं. डी.एड. आधी दहावीवर होतं, मग बारावीवर गेलं. गल्लोगल्ली डी.एड.ची कॉलेजं निघाली. आईबापांनी शेत गहाण ठेवून पोरींना घातलं आणि नेमकी भरतीच थांबली. मग 2013 पासून टी.ई.टी. आली. हजारो डी.एड. झालेल्या मुली घरी बसल्या. आमच्याच गटांत त्यातल्या किती जणी आहेत, आणि गटाची दप्तरं सगळ्यात सुंदर त्याच लिहितात! यातनं मला एक दिसतं. एखाद्या कामाच्या मागं सगळं गाव पळत असेल तेव्हा पोरीला त्यात घालण्याआधी जागा किती निघतायत, ते विचारावं.

दुसरं काम मिरजेचं. सांगलीहून मिरजेला जाताना वानलेसवाडी लागते ना, ते नाव डॉ. विल्यम वानलेस यांचं. हे मिशनचे डॉक्टर. मिरजेत त्यांनी 1894 मध्ये दवाखाना उघडला. दवाखाना म्हटला की नर्स आल्या, आणि मग त्यांना शिकवणंही आलं. त्या काळी चांगल्या घरच्या बाईनं परक्या पुरुषाची जखम धुवायची, रात्रपाळी करायची, हे लोकांना सोसण्यासारखं नव्हतं. विटाळ, जात, अब्रू, सगळंच आड यायचं. म्हणून मिशनच्या दवाखान्यांत सुरुवातीला ख्रिस्ती मुलीच जास्त पुढं आल्या. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदननं 1909 नंतर विधवांना नर्सिंगकडं वळवलं, तेव्हा त्यांनाही बोल खावे लागले. आज त्याच कामाला आपण मान देतो. मिरज तर दवाखान्यांचंच गाव झालंय आणि तिथं नर्सबाईंवाचून एक दिवस चालत नाही.

उपकेंद्रातल्या ए.एन.एम.चं शिक्षण पूर्वी दहावीवर मिळायचं, आता बारावी लागते. म्हणजे कॉलेज सोडणं परवडेल, पण बारावी सोडणं नाही. अंगणवाडीचंही तेच झालं. ही योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, तेव्हा गावात शिकलेली बाई मिळणंच अवघड होतं. आता सेविकेला बारावी लागते. 2005 नंतर आशाताई आल्या. पण इथं मला एक बोचतं. सेविका आणि आशा दोघींनाही 'मानधन' मिळतं, पगार म्हणत नाहीत. काम सकाळपासनं रात्रीपर्यंत, आणि नाव मानसेवी! सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये सांगितलं, म्हणजे योजना सुरू होऊन सत्तेचाळीस वर्षं होत आल्यावर.

तासगाव, पलूसकडं द्राक्षाची विरळणी, डिपिंग, बेदाण्याची निवड बायकाच करतात. किती मणी ठेवायचे, किती काढायचे, हे बघताक्षणी कळणं ही कारागिरीच आहे. तिला आपण मजुरी म्हणतो, बस्स.

आता माणकडं येऊ. माण तालुका दुष्काळी, म्हसवड त्यातलं बाजाराचं गाव. मुंबईहून लग्न होऊन इथं आलेल्या चेतना सिन्हा यांच्याकडं रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई आली. तिला रोजचे थोडे पैसे साठवायचे होते, पावसाळ्याआधी पालावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा म्हणून. बँक तिचं खातं उघडेना, रक्कमच इतकी लहान! मग बायकांनी स्वतःचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं अर्ज नाकारला, कारण अर्ज करणाऱ्यांतल्या काही जणींचे अंगठे होते, सह्या नव्हत्या. बायका परत आल्या, रडारड झाली असेल, पण रात्रीचे वर्ग सुरू झाले. काही महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा, आम्ही तोंडी काढतो, तुमचे लोक कॅल्क्युलेटर न घेता काढू द्यात. 1997 मध्ये परवाना मिळाला आणि माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

आपण गटवाल्या बायका ही गोष्ट आवडीनं सांगतो. मला मात्र तिचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. नुसत्या कर्जानं भागत नाही, हे बँकेच्या लवकरच लक्षात आलं. शेळी घेतली आणि मेली तर हप्ता कुठनं भरणार? म्हणून 2006 च्या सुमारास बायकांसाठी व्यवसायाची शाळा निघाली. ज्यांना म्हसवडला येता येत नव्हतं त्यांच्यासाठी शाळाच बसमध्ये घालून गावोगाव पाठवली. शिवण, हिशोब, भाव कसा ठरवायचा, असे छोटे छोटे वर्ग. दाखला कसलाच मागत नाहीत. शाळा लांब म्हणून पोरी घरी बसत होत्या, त्यांच्या सायकलीसाठी बिनव्याजी कर्ज दिलं. फलटणच्या निंबकर संस्थेच्या मदतीनं बायकांना शेळ्यांचं कृत्रिम रेतन शिकवलं. सुरुवातीला लोक हसले, बाईमाणूस आणि हे काम! चांगल्या जातीची करडं दारात खेळायला लागल्यावर तेच लोक निरोप धाडून बोलवायला लागले.

आता उमेदमध्ये बँक सखी, पशुसखी, कृषी सखी आहेत. या जागा कायम नोकरीच्या नाहीत, हे पोरीला आधीच सांगा. पण बँकेत स्लिप भरता येते, शेळीला लस टोचता येते, चारचौघांत बोलता येतं, हे तिच्याजवळच राहतं. तालुक्याच्या आय.टी.आय.त दहावीवर वायरमन आणि फिटरला मुली बसतात. एस.टी.त दहावी आणि वाहकाचा बॅज असलेल्या ताई तिकिटं फाडताना आपण रोज बघतो.

तेव्हा पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर बारावी झालेल्या पोरींना बोलवा. आयांच्या मागं बसवू नका, गोलात घ्या. आणि लग्नाचं विचारायच्या आधी त्यांना विचारा, तुला हातानं काय करायला आवडतं?