जुन्या चांदीच्या भांड्यांवरील छाप (अहिल्यानगर जिल्हा)

अहमदनगरचा (आताच्या अहिल्यानगरचा) किल्ला १२ ऑगस्ट १८०३ रोजी ब्रिटिश सेनापती वेलस्लीने घेतला. पुढे येथे ब्रिटिशांची लष्करी छावणी वसली. त्यामुळे या जिल्ह्यातील जुनी चांदी ओळखताना देशी छापांबरोबर विलायती छापही माहीत असावे लागतात. तळाशी चालता सिंह असेल तर चांदी स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध. नांगर बर्मिंगहॅमचा, बिबट्याचे तोंड लंडनचे, सोबतचे अक्षर वर्षाचे. ‘ई.पी.एन.एस.’ ही मात्र नुसत्या मुलाम्याची खूण. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी नसतेच.

ब्रिटिश हिंदुस्थानात हॉलमार्कची सक्ती नव्हती. भुजच्या उमरसी मावजींसारखे मोजके कारागीर आपली आद्याक्षरे ठोकत. घरगुती तांब्या, पंचपात्र, अत्तरदाणी यांवर बहुधा तीही नसतात. काठाखाली टिंबाटिंबांनी ठोकलेले नाव दिसते, पण ते मालकाचे, घडवणाऱ्याचे नव्हे. फसगत होते ती इथेच. नाव मोडी लिपीत असेल तर भांडे जुने असण्याचा संभव वाढतो, इतकेच. नाव मागाहूनही घालता येते. शुद्धता ठरते ती कसोटीवर. राखेने वा रांगोळीने वर्षानुवर्षे घासलेल्या भांड्यांवरचे छाप पुसट होतात, म्हणून तपासणीपूर्वी भांडे उजळू नये.