बोजा : सातबाऱ्यावरच्या एका शब्दामागे काय काय आहे

ज्यांना कानात हेडफोन घालून चाळीस मिनिटं ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना मी भरकटतो, ते इथे थोडं कापलंय. सगळं नाही.

सुरुवात मोबाईलपासून करू. तुमच्यापैकी कुणी आयपीओला अर्ज केला असेल तर बँकेच्या ॲपमध्ये 'लीन अमाउंट' हे शब्द दिसले असतील. पैसे तुमच्याच खात्यात आहेत, बचत खातं असेल तर त्यावर व्याजही चालू आहे, पण हात लावता येत नाही. शेअर मिळाले तर पैसे जाणार, नाही मिळाले तर मोकळे होणार. तोपर्यंत पैसे तुमचे, पण त्यांच्यावर दुसऱ्याचा हक्क बसलेला.

हा 'लीन' मराठीतला नम्र, लीन वगैरे नाही. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. मूळ अर्थ बंध, दोरी. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं म्हणतो ना, तो शब्द त्याच घरातला. म्हणजे वस्तू तुमच्या नावावर आहे, पण तिला एक दोरी बांधलीय आणि दोरीचं टोक दुसऱ्याच्या हातात आहे. गॅरेजवाला बिल भरेपर्यंत गाडी सोडत नाही, टेलर पैसे दिल्याशिवाय शिवलेला ड्रेस देत नाही, तो हाच हक्क. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७० मध्ये कारागिराचा आणि १७१ मध्ये बँकेचा असा हक्क लिहून ठेवलाय. सरकारी मराठीत याला 'धारणाधिकार' म्हणतात. हा शब्द मी कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही.

लोकांच्या तोंडी असलेला शब्द आहे बोजा. तो नक्की कशावर असतो? माणसावर नाही, वस्तूवर.

मी मांजरीत राहतो. नदीच्या या बाजूचं मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं. आमच्या बिल्डिंगसमोर अजून थोडा ऊस दिसतो, पण त्या उसाचा सातबारा माझ्या पिढीतले लोक फक्त प्लॉट घेताना बघतात. महाभूलेखवर जाऊन गट नंबर टाकायचा, सात नंबरचा नमुना उघडायचा आणि 'इतर अधिकार' या रकान्यावर बोट ठेवायचं. तिथे लिहिलेलं असतं : अमुक बँक बोजा रु. इतके. किंवा नुसतं 'इकरार'. हा इकरार म्हणजे सोसायटीच्या सभासदाने 'माझ्या जमिनीवर तुमच्या कर्जाचा भार मान्य' असं लिहून देणं. सहकारी संस्था कायदा १९६०, कलम ४८. बोजा चढवतात, बोजा उतरवतात. क्रियापदं बघा, हमालाच्या पाठीवरच्या पोत्याची आहेत. इंग्रजांनी दोरी पाहिली, आपण वजन पाहिलं. मला आपला शब्द जास्त खरा वाटतो.

आता मला ज्यासाठी हा भाग करायचा होता ते. कर्ज त्या रकान्यात उघड लिहायची पद्धत मुळात नव्हती. ती यायला एक दंगा व्हावा लागला.

मांजरीहून नदी ओलांडून वाघोलीच्या पुढे गेलात की नगर रस्त्यावर लोणीकंद लागतं. पेशवाई संपल्यावर लगेच, १८२० च्या आसपास, थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने या गावाचा सविस्तर वृत्तांत लिहिला. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला आणि १९६० मध्ये त्यावर पुस्तक काढलं. कोट्सच्या वृत्तांतात बहुतेक शेतकरी कुटुंबं कर्जात दिसतात. म्हणजे कर्ज इंग्रजांनी आणलं नाही, ते आधीपासून होतंच. पण सावकाराचं लक्ष पिकावर असायचं. जमीन नावावर करून घेऊन तो करणार काय? गाव त्याच्या बाजूने उभं राहीलच याची खात्री नव्हती.

मग १८३६ पासून इंदापूरहून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी सुरू झाली. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबराला खातेदार, ठरलेला सारा. शेत आता सुटं, मोजलेलं आणि सहज हस्तांतर होणारं झालं. वर दिवाणी कोर्टं आली, ती फक्त कागद बघायची. जमीन ही गहाण ठेवायला एकदम उत्तम वस्तू झाली. ('गहाण' हा शब्द संस्कृत 'ग्रहण' वरून आलाय. सूर्याला लागतं तेच.)

आणि मग १८५९ चा मुदतीचा कायदा. आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांनी हा भाग नीट वाचा, कारण हा सिस्टीममधला बग आहे. हेतू चांगला होता : साधं कर्जखत तीन वर्षंच चालेल, म्हणजे व्याज साचत राहणार नाही. झालं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार नवीन कागद करायला लावायचा. जुनी मुद्दल अधिक व्याज मिळून नवी मुद्दल, आणि तिच्यावर पुन्हा व्याज. आपल्याकडे दामदुप्पटीचा जुना नियम होता, की एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलीपेक्षा जास्त होता कामा नये. तो नियम मोडायचीही गरज पडली नाही. दर नव्या कागदाबरोबर मोजणी शून्यापासून सुरू! शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, भरलेल्या पैशाची पावती मिळत नव्हती, आणि कोर्टापुढे सर्वात ताजा कागद तेवढा यायचा.

१८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव पडला, वसुली सुरू झाली. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात १८७४ च्या शेवटी काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यासाठी बाबासाहेब देशमुखांचं घर पाडायला घेतलं. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला.

१२ मे १८७५, सुपे. आपल्या सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंत जायचं आणि मोरगावकडे वळायचं, वाटेत लागतं. बाजारचा दिवस होता. आसपासच्या गावांचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. दंगा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत पसरला. पण लोकांना मुख्यतः काय हवं होतं? वह्या आणि कर्जखतं. चौकशी आयोगाने नोंदवलंय की जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे बहुतेक करून त्याला फार इजा झाली नाही. कागद जाळले आणि लोक पांगले. शाळेत 'दख्खनचे दंगे' हा चार मार्कांचा प्रश्न असायचा, त्यात हे कुणी सांगितलं नव्हतं. हा लोकांनी केलेला डिलीट होता, आणि सावकाराकडे बॅकअप नव्हता.

यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. कोर्टाने आता ताज्या कागदाच्या मागे जाऊन सगळा हिशोब तपासायचा. शेतकऱ्याचा दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हायचा. न मागताही पावती द्यायची, वर्षाचा हिशोब द्यायचा, पासबुकसुद्धा. आणि मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते कलम २२ : शेतकऱ्याची जमीन त्या कर्जासाठी स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल, तर हुकूमनाम्यापोटी ती जप्त करून विकता येणार नाही. माणूस कर्जदार असेल, पण जमीन आपोआप कर्जदार नाही. तिच्यावर भार हवा तर तसं लिहून घ्या. मी वर म्हटलं ना, बोजा वस्तूवर असतो, ते या जिल्ह्यांत इथे पक्कं झालं.

याच काळात महात्मा फुल्यांची शेती होती आमच्या मांजरीत. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. अक्षरओळख नसलेला शेतकरी कागदापुढे कसा नाडला जातो, हे ते लिहीत होते तेव्हा उदाहरणं शोधायला त्यांना लांब जावं लागलं नसणार.

तरी सरकारी दप्तरात सारा भरणाऱ्याचं नाव होतं, गहाणाची नोंद नव्हतीच. ती १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्याने सुरू झाली, १९१३ मध्ये जमीन महसूल कायद्यात गेली, आणि आज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ खाली चालते. सावकाराच्या पेटीतलं कर्ज चावडीवर आलं आणि शेवटी माझ्या फोनवर.

पण लिहिलेलं पुसायचं कुणी? आमच्या गावाकडच्या सातबाऱ्यावर आजोबांनी पाण्याच्या मोटरीसाठी काढलेल्या कर्जाचा बोजा होता. कर्ज त्यांनी हयातीतच फेडलं. नोंद तशीच राहिली. आजोबा गेले, वारसनोंद झाली, वडिलांच्या नावाखाली तोच बोजा. काकांना त्याच जमिनीवर विहिरीसाठी कर्ज हवं होतं तेव्हा बँकेने आधी तेवढंच दाखवलं. दाखला मिळवायला त्यांना दोन हंगाम गेले, विहीर तेवढी लांबली. कारण साधं आहे : पैसे भरल्याने बोजा उतरत नाही, फेरफार झाल्यावर उतरतो. कर्ज देणाऱ्याकडून बेबाकीचा दाखला घ्यायचा आणि तलाठ्याकडे अर्ज करायचा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). हल्ली ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या अर्ज होतो. घरात कुणाचंही पीककर्ज किंवा ट्रॅक्टरचं कर्ज फिटलं असेल तर आज रात्री सातबारा उघडून बघाच.

फ्लॅटवाल्यांसाठी एक ओळ. बिल्डरने जमिनीवर प्रकल्पासाठी कर्ज काढलं असेल, तर बुकिंगच्या आधी त्या बँकेचं तुमच्या फ्लॅटपुरतं ना-हरकत पत्र मागा. सेल्समन हसेल. हसू दे.

पुढच्या भागात 'मिरास'. हा शब्द आणि आपला 'वारस' एकाच अरबी धातूतून आलेत, आणि लोणीकंदला आपण परत जाणार आहोत.