हाताला मान, माणसाला नाही : पालवणकर बाळूंची गोष्ट

तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर आला असता क्रिकेटची गोष्ट सांगावयास उभा राहणारा मनुष्य आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात थोडा वेडाच ठरावयाचा. आमचे आयुष्य खाणीच्या फाटकापाशी आणि जंगलातल्या फळीवर गेले. क्रिकेट आम्ही खेळलो नाही, जे कळले ते पुस्तकांतून. तरीही आम्ही पालवणकर बाळू हे नाव निवडले, कारण या देशाचा हा पहिला थोर गोलंदाज मुळात मैदानावरचा पगारी मजूर होता.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला, चांभार कुटुंबात झाला. वडील लष्करात शिपाई. पुण्यास पारशी मंडळींच्या एका क्लबात मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रूळ फिरविणे हे त्यांचे पहिले काम. पगार महिना ३ रुपये. पुढे गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेल्यावर तो ४ रुपये झाला. तेथे जाळी बांधणे, खेळपट्टी आखणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे ही कामे होती. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज तासन्‌तास त्यांच्या डावखुऱ्या गोलंदाजीवर हात साफ करीत असे. त्या घामातून बाळूंची कला पक्की झाली. मात्र फलंदाजीची संधी साहेबांनी त्यांना दिली नाही. गोलंदाजी म्हणजे कष्ट आणि फलंदाजी म्हणजे ऐट, अशी ती वाटणी होती. मजुरांच्या चळवळीत वावरलेल्यांना ती ओळखू येईल.

पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांवर विजय हवा होता, तेव्हा बाळूंची आठवण झाली. बराच वाद होऊन त्यांना संघात घेतले. मैदानावर ब्राह्मण खेळाडू त्यांनी हाताळलेला चेंडू झेलीत. परंतु चहाच्या वेळी बाळू बाहेर उभे, आणि त्यांचा चहा मातीच्या पेल्यात. जेवणाचे पानही वेगळे. चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला मात्र होता! न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांचा जाहीर सत्कार केला, आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खातपीत का नाही, अशा आशयाचा सवाल केला.

पुढे बाळू मुंबईस आले. लष्करात आणि नंतर बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी करीत ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात एकंदर ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एकाच डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५च्या आसपास, असा त्यांचा हिशेब आहे. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ चा. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. इतिहासातला आम्हांस सर्वांत बोलका प्रसंग १९२० चा आहे. त्या वर्षी बाळूंना संघातूनच वगळले, तेव्हा त्यांचे बंधू शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळण्यास नकार दिला आणि कारण जाहीरपणे सांगितले. पुढच्या सामन्याला बाळू उपकर्णधार म्हणून परतले. कर्णधार पै काही काळ मैदानाबाहेर राहिले आणि तेवढा वेळ नेतृत्व बाळूंनी केले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी युरोपियनांना हरविले. पाव शतकाच्या कर्तबगारीने जे दार किलकिलेही झाले नव्हते, ते दोन भावांच्या नकाराने उघडू लागले. भावांनी केला तो संपच होता, मग त्याला कोणी तसे म्हणो वा न म्हणो.

पुढची कथा मात्र सरळ नाही. तरुण आंबेडकरांना बाळूंचा अभिमान होता. परंतु १९३२ साली संयुक्त मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळूंनी राजा आणि नागपूरचे डॉ. मुंजे यांच्या कराराची बाजू घेतली. त्याच वर्षी झालेल्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्या वर्गाने त्यांना पेल्यासाठी बाहेर उभे केले, त्याच वर्गाने त्यांच्या नावाचा उपयोग केला, असे कोणी म्हणेल. आम्ही त्यांना दूषण देत नाही. एकेकट्याने मान मिळविणाऱ्यावर उपकाराचे ओझे फार असते, एवढेच आम्ही म्हणतो.

बाळू १९५५ साली वारले. पुढल्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी आपल्या या चंद्रपुरात हजारोंना धम्मदीक्षा दिली. तेथे मान कोणाकडे मागितला नव्हता. लोकांनी तो मिळून घेतला.

आता हंगाम सुरू होईल. फळीवर सत्तर पानांचे पुडके मोजले जाईल, आणि कोणते पान बिडीला चालेल हे एका नजरेत ओळखणाऱ्या बाईची नोंद ‘अकुशल’ म्हणूनच होईल. तिला बाळूंची गोष्ट सांगाल तेव्हा १७९ बळी सांगा. पण त्या दोन भावांचा नकारही सांगा.