अर्धपोटी कृमी



भाकरीवर बोलायची मला सवय आहे; आज मात्र कृमीच्या भाकरीवर बोलणार आहे. निमित्त जुने आहे. पगाराच्या वाटाघाटीत मालकपक्षाचे एक गृहस्थ हसत म्हणाले, "अहो, कमी खाणारा जास्त जगतो, हे आता शास्त्रानेच सिद्ध केले आहे." त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. माझी शाळा सातवीतच सुटलेली. तेव्हा ग्रंथालय गाठले.

तर गोष्ट उंदरांपासून सुरू होते. १९३५ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदरांचे अन्न मोजून कमी केले. त्यांची वाढ खुंटली, परंतु त्यांतले कित्येक पोटभर खाणाऱ्या भाईबंदांच्या मागे पुष्कळ दिवस जगले. पण उंदीर दोन-तीन वर्षे जगतो. एकेका प्रयोगात संशोधकाची उमेद खर्ची पडायची.

ही अडचण एका क्षुद्र जीवाने सोडविली. १९६० नंतरच्या दशकात केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांनी मातीतला एक कृमी प्रयोगासाठी निवडला. नाव भारदस्त, सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. लांबी अवघी एक मिलिमीटर, अंग काचेसारखे पारदर्शक, खाणे जिवाणूंचे आणि आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे! १९७७ साली मायकेल क्लास यांनी याच्या ताटातले जिवाणू विरळ केले. कृमी अधिक जगले, पण अंडी कमी घालू लागले. पुढे १९९८ साली लाकोव्स्की आणि हेकिमी यांनी याहून मौजेचे दाखविले. काही कृमींचा घसाच जन्मतः मंद चालतो. समोर अन्नाची रास असली तरी पोटात थोडेच जाते. अशांपैकी काहींचे आयुष्य दीडपटीपर्यंत गेले.

म्हणजे ते गृहस्थ खरे बोलले? अर्धेच. मॅके यांनी उंदरांचे उष्मांक कमी केले होते, जीवनसत्त्वे आणि क्षार नव्हेत. अर्धपोटी आणि कुपोषित यांत हे अंतर आहे, आणि आमच्या चाळीतल्या उपासमारीत नेमके तेच नसते. शिवाय कृमीला यंत्रावर आठ तास उभे राहावे लागत नाही. अंड्यातून निघालेल्या त्याच्या पिल्लाला अन्न मिळाले नाही, तर वाढ तिथेच थांबते. हे कोणी हसत सांगत नाही. माकडांवरचे दोन मोठे अमेरिकन प्रयोग तर आपसांतच जुळले नाहीत. २००९ साली विस्कॉन्सिनने आयुष्य वाढल्याचे सांगितले, २०१२ साली दुसऱ्या संस्थेला तसे आढळले नाही.

आपल्याकडे १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा हिशेब मांडताना आहारतज्ज्ञ डॉ. आयक्रॉइड यांच्या शिफारशीतले उष्मांक धरले, आणि तेही कुटुंबातील तीन माणसांच्या मापाने. हे सारे टिपून मी पुढच्या बैठकीला गेलो. ते गृहस्थ आलेच नाहीत. त्यांची बदली झाली होती.