मर्यादित आवृत्तीची कॉमिक लिथोग्राफ चित्रे
यंत्रातून लिथोग्राफच्या, म्हणजे छापील चित्राच्या, हजारो प्रती निघू शकत असताना मोजक्याच छापायच्या, ही टंचाई ठरवून आणलेली असते. संग्राहक खरे तर प्रकाशकाच्या शब्दाची किंमत मोजतो. उदाहरणार्थ, कॉमिकमधील अंकल स्क्रूज या बदकाचे जनक कार्ल बार्क्स (१९०१–२०००) १९७१ पासून डिस्नेच्या परवानगीने बदकांची तैलचित्रे रंगवत. कुणी त्या चित्रांच्या अनधिकृत प्रती विकल्यावर १९७६ मध्ये ती मुभा गेली. १९८०च्या दशकात अनदर रेनबो प्रकाशनाने त्यांच्या नव्या चित्रांच्या क्रमांकित, स्वाक्षरीच्या प्रती रीतसर काढल्या. शेवटी ही नक्कलच, असा आक्षेप असतो. पण कॉमिक जन्मते तेच छापण्यासाठी, त्यामुळे तो येथे लंगडा पडतो. स्वाक्षरी मात्र कलावंताची संमती सांगते, दुर्मिळता नव्हे. आवृत्तीची एकूण संख्या आणि कलावंताच्या राखीव प्रती तपासल्याखेरीज खरेदी करू नये.