यतिवेषातील रावण

नाशिकच्या पंचवटीत सीतागुंफा पाहावयास जाणाऱ्यास एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. रावण तेथे आला तो दहा तोंडांनिशी नव्हे, तर भिक्षा मागणाऱ्या यतीच्या वेषात आला, अशी कथा आहे. पाप दारी येते ते सज्जनाचे रूप घेऊन, ही जाण आपणांत इतकी पुरातन आहे. आपल्या चित्रपटास मात्र ती अंगी बाणविण्यास बराच काळ लागला.

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली आपला चित्रपटाचा व्यवसाय नाशिकास हलविला आणि १९१७ साली ‘लंकादहन’ पडद्यावर आणले. त्यात अण्णा साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. मूकपटास वाणी नसल्यामुळे पात्राचा स्वभाव वेषावरून व हावभावावरून तत्काळ ओळखू यावा, हे क्रमप्राप्तच होते. पुढे बोलपट आला. तरी खलपुरुष पाहताक्षणी ओळखू यावा, ही प्रेक्षकांची अपेक्षा कायमच राहिली.

१९८१ सालच्या ‘आक्रीत’ या मराठी चित्रपटाने त्या अपेक्षेस धक्का दिला. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात स्त्रियांचे व लहान मुलींचे खून झाले. मुंबईचे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी त्यांचा तपास केला. त्या प्रकरणाच्या आधारे विजय तेंडुलकर यांनी हा चित्रपट लिहिला. अमोल पालेकर यांचे हे पहिलेच दिग्दर्शन, आणि मुकुटरावाची प्रमुख भूमिकाही त्यांचीच.

‘रजनीगंधा’ (१९७४), ‘चितचोर’ (१९७६) व ‘गोलमाल’ (१९७९) यांमुळे पालेकरांची मुद्रा तोवर घरोघर परिचित झाली होती. ती एका सालस, भिडस्त, मध्यमवर्गीय तरुणाची मुद्रा होती. तीच मुद्रा नरबळीच्या व्यवहारामागे दिसावी, यातच या भूमिकेचे मर्म आहे. खुनी कोण, हे कोडे घालण्यात चित्रपटास रस नाही. संतती व गुप्तधन यांचा लोभ माणसास कोठवर नेतो, हे तो शांतपणे दाखवितो. नांत येथील महोत्सवात त्याचा गौरवही झाला.

कोणी म्हणेल, असली बीभत्स प्रकरणे पडद्यावर आणून काय साधते? त्यास उत्तर असे की, नरबळी व अघोरी प्रथा यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावयास महाराष्ट्रास २०१३ साल उजाडावे लागले, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यानंतर. असली कृत्ये कोणा राक्षसाची, आपल्यासारख्यांची नव्हेत, अशी समजूत करून घेणाऱ्या समाजास कायद्याची निकड भासत नाही. ‘आक्रीत’ने ही सोयीची समजूत हिरावून घेतली. दहा तोंडांचा रावण कोणीही ओळखील. यतिवेषातील रावण ओळखण्यासच शहाणपण लागते.